दोन घोड्यांवर उभा एक नट

१८२७ साली लंडनच्या ‘ॲस्टलीज ॲम्फिथिएटर’मध्ये ‘सेंट पीटर्सबर्गचा जासूद’ नावाचा खेळ लागला. दोन घोडे अंगाला अंग लावून रिंगणात दौडत येत. एकाच्या पाठीवर डावा पाय, दुसऱ्याच्या पाठीवर उजवा, असा एक माणूस वर ताठ उभा. थोड्या वेळाने मागून तिसरा घोडा सुटे. त्याच्या अंगावर एका देशाचं निशाण. तो जवळ आला की वरचा माणूस पाय फाकवी, खालचे दोन घोडे थोडे अलग होत आणि तिसरा घोडा स्वाराच्या दोन पायांमधून पुढे निघून जाई. जाता जाता स्वार वाकून त्याच्या पाठीवरचा लांब लगाम उचलून घेई. मग चौथा, मग पाचवा. इंग्लंडहून रशियाच्या राजधानीला जाताना जे जे मुलूख लागतात, त्या प्रत्येकाचं निशाण घेऊन एकेक घोडा येई आणि पुढच्या ताफ्यात सामील होई. अखेरीस हा एकटा माणूस हातात लगामांचा जुडगा धरून, अजूनही दोन पाठींवर उभाच, सगळी पागा हाकताना दिसे.

या माणसाचं नाव अँड्र्यू ड्यूक्रो. त्याच्यामागून त्याच्याहून अवघड कसरती करणारे घोडेस्वार बरेच झाले. कोलांट्या, दुहेरी उड्या, एका घोड्यावरून दुसऱ्यावर झेपा, यांत त्याला मागे टाकणारी नावं सहज सांगता येतील. पण धावत्या घोड्याच्या पाठीवर उभं राहून, तोंडातून चकार शब्द न काढता, हजारो माणसांना गोष्ट सांगावी ती त्यानेच. माझ्या मते सर्कशीच्या इतिहासात त्याचं स्थान कसरतपटूंमध्ये नसून नटांमध्ये आहे.

त्याच्याकडे वळण्याआधी तो ज्या रिंगणात उभा होता ते रिंगण कुठून आलं, हे पाहायला हवं. फिलिप ॲस्टली हा सुताराचा मुलगा. सतराव्या वर्षाच्या सुमारास तो घोडदळात भरती झाला, सात वर्षांच्या युद्धात लढला आणि १७६६ साली सैन्यातून मोकळा झाला. हाताशी विद्या एकच, घोड्याची. १७६८ साली त्याने थेम्सच्या दक्षिणेला, वेस्टमिन्स्टर पुलाजवळ, लॅम्बेथमध्ये एका मोकळ्या जागेत घोडेस्वारीची शाळा काढली. सकाळी शिकवणी आणि दुपारी पैसे घेऊन खेळ, असा त्याचा दिनक्रम. घोड्यावर उभं राहून कसरती करणारे त्याच्याआधीही लंडनमध्ये होते, पण ते बहुतेक सरळ रेषेत घोडा पळवत. घोडा समोरून झर्रकन निघून गेला की प्रेक्षकाला दिसणार काय? ॲस्टलीने घोडा वर्तुळात फिरवला. वर्तुळाची मापं त्याने कमीजास्त करून पाहिली आणि शेवटी ४२ फूट व्यासावर तो थांबला. आजही जगभरच्या सर्कशींचं रिंगण साधारण तेवढंच असतं, कारण एका रिंगणात तयार झालेला घोडा दुसऱ्या गावच्या रिंगणात गांगरता कामा नये.

वर्तुळामुळे प्रेक्षकांची सोय झाली, पण त्याहून मोठी सोय स्वाराची झाली. सायकलवाला वळणावर जसा आतल्या बाजूला कलतो, तसा रिंगणातला घोडाही मध्याकडे झुकून धावतो. भिंतीपासून जरा आत धावणाऱ्या घोड्याच्या वर्तुळाची त्रिज्या साडेपाच मीटर धरा आणि वेग ताशी अठरा किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पाच मीटर. हिशेब केला तर घोड्याचा झुकाव पंचवीस अंशांच्या आसपास येतो. उभा स्वारही तेवढाच झुकलेला असतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, आता पडला! प्रत्यक्षात त्याच्या तळव्यांना घोड्याची पाठ बरोबर खालीच लागत असते. वर्तुळात फिरण्यामुळे तो त्या पाठीवर नेमका दाबला जातो. सरळ रेषेतल्या घोड्यावर हा आधार नाही. तिथे डावीउजवीकडे तोल गेला की गेला.

उडीचं गणित तर आणखी सुरेख आहे. स्वाराने पाठीवरून दीड फूट उंच उडी मारली तर तो अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त वेळ, सुमारे ०.६ सेकंद, हवेत राहतो. तेवढ्यात घोडा तीन मीटर पुढे जातो आणि शिवाय वळतो. हवेतला माणूस मात्र वळू शकत नाही, तो सरळ रेषेतच जाणार. म्हणजे खाली येईपर्यंत घोडा त्याच्या पायांखालून जवळजवळ ऐंशी सेंटिमीटर आत सरकलेला असायला हवा. मग स्वार जमिनीवर का आपटत नाही? कारण उडी मारताना तोही पंचवीस अंशांनी आत झुकलेला असतो. तो आपल्या मते ‘सरळ वर’ उडतो, पण त्याचं ‘वर’ तिरपं असतं, आणि त्या तिरपेपणाने तो नेमका तेवढाच, ऐंशी सेंटिमीटर, आत फेकला जातो. ॲस्टलीने किंवा ड्यूक्रोने हे गणित कागदावर केलं नसणार. त्यांना ते पायांना कळलेलं होतं. एकच अट होती, घोड्याचा वेग बदलता कामा नये. घोडा बुजला, अडखळला किंवा त्याने नुसती चाल बदलली, तरी सगळा हिशेब कोसळे.

म्हणून अशा खेळाला शर्यतीचा देखणा, तापट घोडा चालत नाही. लागतो तो रुंद पाठीचा, शांत डोक्याचा आणि घड्याळासारखा एका लयीत दौडणारा. चाबूकस्वाराची खरी मेहनत इथे असे. समोर झेंडे फडकले, बंदुका वाजल्या, प्रेक्षक ओरडले तरी घोड्याने लय सोडायची नाही, हे त्याच्या अंगात भिनवायला महिनेच्या महिने जात. सर्कशीतला घोडा बँडच्या तालावर नाचतो असं आपण समजतो, ते खरं नाही. बँडमास्टर घोड्याच्या टापांवर डोळा ठेवतो आणि ताल घोड्याप्रमाणे धरतो.

पूर्णपणे उघड्या पाठीवर उभं राहण्याची चाल एकदम आली नाही. सुरुवातीचे स्वार खोगिरावरच उभे राहत. पुढे खोगिराच्या जागी रुंद, सपाट गादी आली. मग तीही गेली आणि स्वार थेट घोड्याच्या कातडीवर आला. घामाने निसरड्या झालेल्या पाठीवर पाय टिकावा म्हणून घोड्याच्या अंगाला राळ चोळत. व्हायोलिनच्या गजाला लावतात तीच ही राळ. उभं राहायची जागाही ठरलेली, मानेजवळ नाही तर मागच्या रुंद भागावर. गुडघे कायम थोडे वाकलेले, कारण दौडीचा प्रत्येक हेलकावा तिथेच जिरवायचा असतो. दोन घोड्यांवर पाय ठेवून उभं राहणाऱ्याची पंचाईत वेगळीच. बाहेरचा घोडा आतल्यापेक्षा एक मीटर बाहेरून धावत असेल, तर एका फेरीत त्याला सहा मीटरहून जास्त अंतर कापावं लागतं. म्हणजे दोघांना खांद्याला खांदा लावून ठेवायचं तर आतल्याला सतत आवरायचं आणि बाहेरच्याला सतत रेटायचं. ‘जासूद’ करताना ड्यूक्रो हे करत होता, शिवाय पुढच्या घोड्यांचे लगाम हातात घेऊन.

आता त्याच्या चरित्राकडे येऊ. वडील पीटर ड्यूक्रो मूळचे ब्रूज शहरचे, धंद्याने पहिलवान. १७९३ साली ते इंग्लंडला आले आणि ॲस्टलीकडे ‘फ्लेमिश हर्क्युलिस’ या नावाने खेळ करू लागले. स्वतःची चार-पाच पोरं एका टेबलावर बसवून ते टेबल दातांनी उचलून धरणं हा त्यांचा एक खेळ. दुसऱ्या खेळात ते उताणे पडून हातापायांवर फळी तोलत आणि त्या फळीवर अठरा शिपाई उभे राहत. त्याच वर्षी, ऑक्टोबरात, लंडनच्या सदर्क भागातल्या एका खानावळीत अँड्र्यूचा जन्म झाला. तिसऱ्या वर्षापासून त्याला तालमीला जुंपलं. पहाटे चार वाजल्यापासून उड्या, कोलांट्या, तंग दोरीवरचं आणि ढिल्या दोरीवरचं नाचणं, तोल सांभाळणं, घोडेस्वारी, तलवारबाजी, मुष्टियुद्ध. या यादीत लिहिणं-वाचणं नाही. त्याचं अक्षरज्ञान जन्मभर जेमतेमच राहिलं. आज आपण याला बालपण हिरावून घेणं म्हणू, आणि ते योग्यच होईल. त्या काळात मात्र सर्कशीच्या घराण्यांत दुसरी रीतच नव्हती. बाहेरची मुलंसुद्धा करार करून वर्षानुवर्षांसाठी मालकाकडे बांधली जात.

पंधराव्या वर्षी, १८०८ साली, अँड्र्यू ॲस्टलीज-मध्ये मुख्य घोडेस्वार आणि दोरीवरचा नाचणारा झाला होता. पगार आठवड्याला दहा पौंड, त्या काळी घसघशीत रक्कम. पण त्याच्या आयुष्याला वळण मिळालं ते घोड्यावरून उतरून. ‘बाँडीचं अरण्य’ नावाच्या नाटकात त्याने मुक्या मुलाचं काम केलं. खुनाचा आळ आलेला, निर्दोष, पण बोलता न येणारा मुलगा. सगळं हातांनी, डोळ्यांनी, अंगाने सांगायचं. शब्दांशी कायमच वाकडं असलेल्या या तरुणाला आपली भाषा तिथे सापडली असावी.

वडील गेल्यावर भावंडांना घेऊन तो इंग्लंड सोडून निघाला. आधी घेंटच्या सर्कशीत, मग फ्रान्सच्या गावोगावी, सोबत ‘जॅक’ नावाचा लाडका घोडा. १८१८ च्या सुमारास तो पॅरिसला फ्रांकोनी घराण्याच्या प्रसिद्ध सर्कशीत पोचला. फ्रान्समध्ये त्याच्या नावाचा गवगवा झाला, आणि लंडनने त्याची दखल घेतली ती त्यानंतर. आपल्याकडेही असंच होतं म्हणा. १८२३ साली कोव्हेंट गार्डन नाट्यगृहाने त्याला ‘कोर्तेझ’ या नाटकातल्या घोड्यांची जबाबदारी देऊन परत आणलं. त्याच हंगामात जवळच्याच ड्रुरी लेन नाट्यगृहाने ‘गंगेचा धबधबा’ नावाचं नाटक लावलं होतं. कथा गुजरातेतली, रंगमंचावर खरं पाणी आणि त्या पाण्यातून चढून जाणारा खरा घोडा. गुजरात आणि गंगा यांची गाठ नाटककाराने कशी घातली हे त्याचं त्याला माहीत, पण लंडनच्या सगळ्यात प्रतिष्ठित दोन रंगभूमी एकाच वेळी घोड्यांसाठी चढाओढ करत होत्या, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

ही चढाओढ आणि ड्यूक्रोची मूक कला, दोन्हींच्या मुळाशी १७३७ चा एक कायदा होता. या कायद्याने बोलकं गंभीर नाटक करण्याचा हक्क लंडनमध्ये जवळजवळ फक्त ड्रुरी लेन आणि कोव्हेंट गार्डन यांच्याकडे ठेवला. बाकीच्या नाट्यगृहांनी संगीत करावं, मूकनाट्य करावं, माकडं आणावीत, घोडे आणावेत, पण शेक्सपिअरला हात लावू नये. ॲस्टलीज या बाकीच्यांत मोडत असे. मग त्यांनी काय केलं? रंगमंच आणि रिंगण यांची जोडणी केली, रंगमंचावरून रिंगणात उतरायला उतार बांधले आणि लढाया, स्वाऱ्या, पाठलाग असली घोड्यांची प्रचंड नाटकं उभी केली. १८२४ सालचं ‘वॉटर्लूची लढाई’ हे त्यातलं एक गाजलेलं नाटक. सरकारी बंदीतून एक नवीन नाट्यप्रकारच जन्माला आला. ड्यूक्रो नेमका या सुमारास ॲस्टलीज-मध्ये परतला आणि १८२५ पासून भागीदार म्हणून ते चालवू लागला.

लढायांची नाटकं इतरांनीही केली. ड्यूक्रोची स्वतःची गोष्ट वेगळी. तो एकट्याने, एका घोड्यावर, पाच-दहा मिनिटांचं पूर्ण नाटक करी. ‘खलाशाच्या आयुष्यातले चढउतार’ हे त्यातलं एक. घोडा रिंगणात फेऱ्या मारतो आहे, आणि पाठीवरचा खलाशी प्रेयसीचा निरोप घेतो, शिडावर चढतो, वादळात सापडतो. जहाज फुटतं, तो लाटांशी झुंजतो आणि शेवटी घरी परतून आनंदाने नाचतो. यात जहाज नाही, समुद्र नाही, प्रेयसीही नाही. घोड्याचा हेलकावा हीच लाट. मला यातली सगळ्यात मोठी युक्ती हीच वाटते. इतर स्वार घोड्याची हालचाल जिरवून टाकत, आपण सपाट जमिनीवर उभे आहोत असं भासवत. ड्यूक्रोने ती हालचाल कथेत वापरली. खलाशाखाली ती जहाजाची होई, जासुदाखाली रस्त्याची, शिकाऱ्याखाली पाठलागाची.

त्याच्या दुसऱ्या एका प्रकारात तो घोड्यावरच कपडे बदलून एकामागून एक माणसं उभी करी. शेक्सपिअरचा शायलॉक, तिसरा रिचर्ड, ढेरपोट्या फॉल्स्टाफ. शब्द म्हणायला कायद्याची बंदी, पण नुसत्या चालीने, पाठीच्या बाकाने, हाताच्या बोटांनी शायलॉक दाखवायला कोण अडवणार! कपडे बदलण्याची ही करामत सर्कशीत जुनीच होती. प्रेक्षकांतून एक दारुडा झोकांड्या खात उठतो, मलाही घोड्यावर बसू द्या म्हणून हट्ट धरतो, आता पडेल मग पडेल असं करत वर चढतो, आणि मग एकेक कपडा भिरकावत शेवटी झगझगीत पोशाखातला पट्टीचा स्वार निघतो. मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’मध्ये हा खेळ आहे. तिथला स्वार सतरा पोशाख उतरवतो, आणि भोळ्या हकला शेवटपर्यंत वाटत राहतं की रिंगमास्टर खरोखरच फसला. डिकन्सच्या ‘हार्ड टाइम्स’मधल्या सर्कशीतही ब्रेंटफर्डला निघालेल्या शिंप्याचा विनोदी खेळ येतो. घोड्यावर बसता न येणाऱ्या शिंप्याची ही फजिती खुद्द ॲस्टलीच्या काळातली. उत्तम स्वारालाच वाईट स्वाराचं सोंग वठवता येतं, त्यामुळे विदूषक हा बहुधा तांड्यातला कसलेला घोडेस्वार असे. अँड्र्यूचा धाकटा भाऊ जॉन असाच विदूषक होता. तट्टांना मेजावर बसवून त्यांच्यासोबत जेवण्याचा त्याचा खेळ लोकांना फार आवडे.

घोड्याशिवायही ड्यूक्रोने एक गोष्ट लोकप्रिय केली, जिवंत पुतळे. अंगाला चिकटून बसणारा पोशाख घालून तो चौथऱ्यावर उभा राही आणि ग्रीक-रोमन शिल्पांतली एकेक मुद्रा धरी. हर्क्युलिस, ग्लॅडिएटर, एकातून दुसऱ्यात सावकाश सरकत. चौथ्या विल्यम राजाने त्याचे खेळ पाहण्यासाठी ब्रायटनच्या राजवाड्यात खास जागा तयार करून घेतली होती. जेमतेम वाचता येणाऱ्या एका सर्कसवाल्याची तुलना एडिंबराचे साहित्यिक कवींशी करू लागले होते. थोडी अतिशयोक्ती असेल, पण ती करावीशी वाटली यातच सगळं आलं.

मालक म्हणून तो सोपा नव्हता. तोंडाने फटकळ, तालमीत शिव्यांची लाखोली, पगारदारांवर हात उगारायलाही कमी नाही. नाटकातले लांबलचक संवाद त्याला असह्य होत. तालमीत नट भाषणं झाडू लागले की तो ओरडे, बडबड कापा आणि घोड्यांवर या! इंग्रजीत हे वाक्य त्याच्या नावावर म्हणीसारखं रूढ झालं. पण मालक म्हणून त्याला प्रेक्षकांची नाडी अचूक सापडलेली होती. १८३१ साली त्याच्या नाट्यगृहात ‘मझेप्पा’ आलं. बायरनच्या काव्यावरून रचलेलं हे नाटक. शिक्षा म्हणून तरुण मझेप्पाला रानघोड्याच्या उघड्या पाठीवर बांधून सोडून देतात, आणि तो घोडा त्याला घेऊन डोंगर-नद्या ओलांडत धावतो. पुढची कित्येक दशकं हे नाटक इंग्लंड-अमेरिकेत चालत राहिलं. १८६० च्या दशकात एडा आयझॅक्स मेंकन या अमेरिकन नटीने मझेप्पाची पुरुषभूमिका करून सगळं लंडन खवळून सोडलं, ते याच ॲस्टलीज-मध्ये.

बाई म्हणून घोड्यावर खेळ करणारी ती काही पहिली नव्हती. ॲस्टलीची बायको त्याच्या सुरुवातीच्या खेळांत घोड्यावर कसरती करत असे. ड्यूक्रोच्या तांड्यातली लुईझा वुलफर्ड तर स्वतःच्या नावावर गर्दी खेचणारी स्वार होती. डिकन्सने तरुणपणी ॲस्टलीज-वर लिहिलेल्या लेखात तिचं नाव येतं. ती आणि ड्यूक्रो दोन वेगवेगळ्या घोड्यांवर उभे राहून गवळण आणि तिचा पहाडी प्रियकर यांचा प्रवेश करत. भेट, रुसवा, पाठ फिरवणं, समजूत, सगळं दौडत्या घोड्यांवर. रुसवा म्हणजे दोन घोड्यांमधलं अंतर वाढवायचं आणि समेट म्हणजे ते मिटवायचं. ड्यूक्रोची पहिली बायको १८३७ मध्ये वारली, आणि पुढच्या वर्षी त्याने लुईझाशी लग्न केलं.

८ जून १८४१ रोजी ॲस्टलीज जळून खाक झालं. त्या जागेला लागलेली ही तिसरी मोठी आग, आधीच्या १७९४ आणि १८०३ च्या. लाकडी बांधकाम, तेलाचे आणि गॅसचे दिवे, रंगवलेले पडदे, नाटकातल्या तोफा-बंदुका आणि तळाला घोड्यांचं गवत. अशी इमारत जळाली नाही तरच नवल. आगीत एक मोलकरीण आणि काही जनावरं गेली. ड्यूक्रोचं घरही नाट्यगृहाला लागूनच होतं. या धक्क्याने त्याच्या मनाचा तोल गेला, तो पुन्हा सावरला नाही. २७ जानेवारी १८४२ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत त्याची समाधी आहे. ती त्याने पहिल्या बायकोच्या निधनानंतर बांधून घेतलेली, आणि तिचा आराखडा नाटकाचे पडदे रंगवणाऱ्याकडून करून घेतलेला. इजिप्शियन थाट, स्फिंक्स, घोडे, आणि ही समाधी एका प्रतिभावंताने स्वतःसाठी उभारली आहे असा मजकूर. विनय हा त्याचा गुण नव्हताच.

त्याच्या मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी, १८४३ साली, इंग्लंडने नवा नाट्यकायदा केला आणि दोन नाट्यगृहांची मक्तेदारी संपली. आता कुणालाही बोलकं नाटक करता येणार होतं. घोड्यांवरून शेक्सपिअर दाखवण्याची गरजच उरली नाही. ॲस्टलीज पुन्हा बांधलं ते विल्यम बॅटी या सर्कसमालकाने. त्याच्याच तालमीत तयार झालेला पाब्लो फँक हा कृष्णवर्णीय घोडेस्वार पुढे स्वतः सर्कसमालक झाला. फँकच्या सर्कशीची १८४३ सालची एक जाहिरात जॉन लेननच्या हाती लागली आणि १९६७ साली बीटल्सच्या एका गाण्यात ती जवळपास जशीच्या तशी उतरली.

मधल्या काळात उघड्या पाठीवरची स्वारी अमेरिकनांच्या हाती गेली. १८३९ साली लेव्हाय नॉर्थ या अमेरिकन स्वाराने इंग्लंडमध्ये धावत्या घोड्यावर हवेत कोलांटी घेऊन पुन्हा पाठीवर पाय टेकवले. नंतरच्या पिढीतल्या जेम्स रॉबिन्सनने तर खोगीर-गादी काही न घेता कोलांट्यांची रांगच लावली. सरावासाठी कमरेला पट्टा आणि वरून दोर अशी सोय याच शतकात अमेरिकेत निघाली, म्हणजे चुकलं तरी माणूस हवेत लटकत राही. ड्यूक्रोच्या वाट्याला असलं काही नव्हतं. कसरत अवघड होत गेली, मोजता येऊ लागली आणि त्याच वेगाने गोष्ट आटत गेली. किती कोलांट्या, किती उंच, किती घोडे, हेच जाहिरातीत येऊ लागलं. खलाशाचं वादळ कुणी पुन्हा तितक्या ताकदीने उभं केलं नाही. मला हे सर्कशीचं नुकसान वाटतं.

या परंपरेची एक शाखा मुंबईला येऊन पोचली. जुझेप्पे किआरिनी हा इटालियन सर्कसमालक स्वतः मुरलेला घोडेस्वार. १८७९ च्या सुमारास त्याची सर्कस मुंबईत होती. ती पाहायला आलेल्यांत विष्णुपंत छत्रे होते. मूळचे सांगलीकडचे, ग्वाल्हेरला हद्दू खाँकडे गाणं शिकलेले आणि कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी अश्वशिक्षक. हिंदुस्थानात अशी सर्कस व्हायला अजून बराच काळ जावा लागेल, असं किआरिनी म्हणाला आणि छत्र्यांनी ते मनावर घेतलं, ही कथा अनेकांनी ऐकलेली असेल. कथेत भर किती हे सोडा, १८८० साली मुंबईत छत्र्यांच्या ‘ग्रँड इंडियन सर्कस’चा पहिला खेळ झाला, ही गोष्ट पक्की. सर्कस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाघ-सिंह आणि झुल्यावरच्या मुली येतात. पण छत्र्यांची मूळ पुंजी घोडाच होती, जशी ती ॲस्टलीची होती. छत्रे स्वतः घोड्यांचे खेळ करत, आणि त्यांच्या पत्नी रिंगणात उतरत, त्या काळच्या महाराष्ट्रात!

ड्यूक्रोबद्दल आज इतकं सांगता येतं ते लंडनच्या संग्रहालयांनी ॲस्टलीज-च्या जाहिराती, रंगीत छापील चित्रं, तिकिटं जपून ठेवली म्हणून. कोणत्या रात्री कोणता खेळ, कोणता घोडा, शेवटी कोणता प्रवेश, सगळं त्या कागदांवर आहे. छत्र्यांच्या आणि त्यांच्या मागून निघालेल्या मराठी सर्कशींच्या स्वारांबद्दल असा कागद फार थोडा हाती लागतो. सांगली, मिरज, कुरुंदवाड, तासगाव या भागांतल्या जुन्या वाड्यांत सर्कशीची हस्तपत्रकं, छायाचित्रं, पगाराच्या वह्या अजून असू शकतात. कुणाच्या माळ्यावर असं काही निघालं तर ते रद्दीत घालू नका. जवळच्या वाचनालयाला किंवा इतिहास संशोधन मंडळाला दाखवा.